हौसाकाकीचा लाल ठिपका

“…पण काकी, ठिपका मी लावला तर बिघडतंय काय?”

दिग्विजयनं हे तिसऱ्यांदा विचारलं. हौसाकाकी एका वूफरच्या कडेला ब्रशनं बॉन्ड लावत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

विट्यात मायणी रस्त्याला पत्र्याची एक शेड आहे. अर्ध्या शेडमध्ये मी गाड्यांची सीट कव्हरं शिवतो. उरलेल्या अर्ध्यात हौसाकाकी स्पीकर दुरुस्त करतात, गाड्यांत ॲम्प्लिफायर आणि वूफर, म्हणजे दणका देणारे मोठे स्पीकर, बसवतात. त्यांचा नवरा शेतीपंपाच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करायचा, म्हणजे त्यांत नवी तार भरायचा. तो गेल्यावर काकींनी तारेची तीच रिळं घेतली आणि स्पीकरच्या कॉइल बांधायला सुरुवात केली.

ठिपक्याचं आधी सांगायला हवं. ॲम्प्लिफायरवर गेन नावाचा एक बारका स्क्रू असतो. टेपकडून आलेला आवाज ॲम्प्लिफायरनं किती ओढून घ्यायचा, ते त्या स्क्रूवर ठरतं. नवशिक्याला वाटतं, आवाज वाढवायचा कान तो हाच, आणि तो पिळत सुटतो. पण एका हद्दीपुढं आवाज वाढत नाही, फाटतो. फाटलेला आवाज वूफरची कॉइल जाळून टाकतो.

काकींची रीत अशी. गिऱ्हाइकाला त्याचं आवडतं गाणं लावायला सांगायचं, तो जास्तीत जास्त जेवढ्या मोठ्यानं ऐकेल तेवढ्या मोठ्यानं. मग डिकीत अर्ध्या आत शिरून, डोळे मिटून, स्क्रू अगदी केसाकेसानं पुढं न्यायचा. आवाज जरा फाटला की तिथून मागं घ्यायचा. मग पत्र्याच्या डब्यातून नेलपॉलिशची बाटली काढून स्क्रूवर एक लाल ठिपका द्यायचा. ठिपका वाळला की स्क्रू जागचा हलत नाही. कुणी हलवलाच, तर ठिपका तडकतो.

आमच्याकडची निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात आहेत. सोनं-चांदी गाळायला कुठं कुठं गेलेली, जत्रेला आणि लग्नकार्याला मोठ्या गाड्या घेऊन गावी येतात. सोन्यावरचा शिक्का बघण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. गाडी ताब्यात घेताना ती आधी डिकी उघडून काकींचा ठिपका बघतात आणि मग गाणं लावतात.

तो ठिपका दिग्विजयला हवा होता. काकींच्या हाताखाली आठ वर्षं काढून त्यानं एसटी स्टँडसमोर स्वतःचा गाळा घेतला होता. बोर्ड रंगवून तयार होता. ‘हा ठिपका आता तू लाव’ असं काकींनी चारचौघांत म्हणावं, एवढंच त्याचं मागणं होतं. त्याशिवाय एकही गलाईवाला त्याच्या दारात गाडी लावणार नाही, हे तो ओळखून होता. पोरगा हुशार, हे मीही मान्य करतो. फक्त आपण हुशार आहोत, हे त्याला जरा लवकर कळलं होतं.

काकींनी ब्रश पुसला.

“स्क्रू कुठं थांबवायचा, ते कळतंय तुला?”

“डोळं झाकून.”

काकींनी बॉन्डच्या डबीचं झाकण लावलं.

एवढ्यात दारात धनाजीशेठांची गाडी येऊन थांबली.

धनाजीशेठ तमिळनाडूतल्या सेलमचे गलाईवाले, पुतणीच्या लग्नासाठी महिनाभर गावी होते. आल्या आल्या त्यांनी काकींकडून जुन्या वूफरला नवी कॉइल बांधून घेतली होती. परवाच्या वरातीत नवरदेव आत बसलेला असताना डिकीतून धूर निघाला आणि आवाज बंद पडला. वऱ्हाडी हसले. शेठांना ते फार लागलं होतं. तसा गडी मर्यादेचा, त्यांनी आवाज चढवला नाही.

“ठिपका बघून गाडी ताब्यात घेतली होती, काकी,” ते म्हणाले. “दिग्विजयला फोन केला. तो म्हणाला, काकींची नजर आता पयल्यासारखी राहिली न्हाई, कॉइल कच्ची बांधली गेली असंल. तुमच्या वयाला आमी काय बोलायचं?”

मशीनवरचा माझा पाय थांबला. दिग्विजय पान्ह्यांच्या खोक्यात काहीतरी शोधायला लागला. त्यात शोधण्यासारखं काही नव्हतं.

खरं काय झालं होतं ते मला माहीत होतं. गाडी बंगल्यावर पोचवायला दिग्विजय गेला, तेव्हा शेठांच्या सोफ्याच्या उश्या द्यायला मीही त्याच्याबरोबर होतो. वाटेत त्यानं गाडी कडेला घेतली, काकींचा ठिपका नखानं उडवला आणि स्क्रू शेवटपर्यंत फिरवला. मग बेस असा पडायला लागला की दर ठोक्याला गाडीचे पुढचे दिवे मिचकायचे. बॅटरीला तेवढी ओढ सोसवत नव्हती, म्हणून मिचकायचे. आम्हा दोघांना मात्र त्याचं कौतुक वाटत होतं आणि आम्ही हसत होतो. पुढं कासाराच्या दुकानातून नेलपॉलिशची बाटली घेऊन त्यानं स्क्रूवर नवा ठिपका दिला.

बंगल्यावर शेठांनी दिवे मिचकताना बघितले. कॉइल काकींची, पण वूफर गाडीत बसवणारा हात दिग्विजयचा, एवढंच त्यांना माहीत. त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि स्वतःचं दुकान टाक, नारळ फोडायला मी येतो, असा शब्द दिला. तो नारळ येत्या गुरुवारी फुटणार होता.

मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. आपल्याला काय करायचंय, असं म्हणून गप्प बसलो होतो.

काकी उठल्या आणि त्यांनी डिकी उघडली. कॉइलच्या जळक्या वार्निशचा वास बाहेर आला. सकाळचं ऊन थेट ॲम्प्लिफायरवर पडलं होतं. स्क्रूवरचा ठिपका जागेवर होता, कुठं तडाही नव्हता. काकी खाली वाकल्या.

ठिपक्यात चमकी होती.

काकींची बाटली किती वर्षांची आहे कोण जाणे. तिच्यातला लाल रंग घट्ट होऊन विटकरी झालाय. हा ठिपका नव्या नवरीच्या नखासारखा चमचमत होता. दिग्विजयनं तो ठिपका दिवस मावळताना, मोबाइलच्या उजेडात लावला होता. तेव्हा त्याला चमकी दिसली नव्हती. आता त्याला दिसली आणि मलाही दिसली.

काकींनी ठिपक्यावरून अंगठा फिरवला… एकदाच, हळू.

मग अंगठा पदराला पुसून त्या शेठांकडे वळल्या.

“चूक माझी हाय, शेठ. उद्या चारला या. करून ठेवते.”

शेठांचा राग उतरला. चूक कबूल करणाऱ्या बाईशी माणूस भांडणार तरी काय. गाडी तिथेच ठेवून ते भाच्याच्या मोटारसायकलवरून निघून गेले.

दिग्विजय होता तिथेच उभा राहिला. आता शिव्या पडणार म्हणून त्यानं खांदे आवळून धरले होते. शिव्या पडल्या नाहीत. काकींनी वूफर बाहेर काढला, त्याचा कागदी पडदा सोडवला आणि आतली कॉइल ओढून काढली. ती काळी ठिक्कर पडली होती, वेढे सुटून लोंबत होते.

“धर,” त्या म्हणाल्या.

त्यानं धरली.

काकी नवी तार बांधायला बसल्या. एक वेढा, त्याला चिकटून दुसरा, त्याला चिकटून तिसरा. ज्या बाईची नजर गेली म्हणून यानं फोनवर सांगितलं होतं, तिनं चष्मा न लावता सगळे वेढे घातले. तासभर दिग्विजय समोर उभा राहून बघत होता. त्याची बोटं काळी झाली. कॉइल खाली ठेव असं त्याला कुणी म्हणालं नाही, आणि त्यानंही ती ठेवली नाही.

मला त्याची लाज वाटत होती, आणि स्वतःचीही. माझ्या हातातली शिलाई दोनदा वाकडी गेली.

शेवटी तो बोलला.

“काकी… स्क्रू मी फिरवला.”

“व्हय.”

“तुमास्नी कळलं हुतं.”

काकींनी तार दातानं धरून ताणली.

“मग शेठसमोर अंगावर कशाला घेतलं?”

“ठिपका माझ्या नावाचा हाय.”

दिग्विजय म्हणाला, मी जाऊन शेठांना सांगतो. काकी जा म्हणाल्या नाहीत आणि नको असंही म्हणाल्या नाहीत. तो म्हणाला खरा, पण जागचा हलला नाही. गुरुवार तीन दिवसांवर आला होता. संध्याकाळी तो मान खाली घालून घरी गेला. जाताना माझ्याकडे त्यानं बघितलं नाही, आणि ते मला बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी बॉन्ड वाळल्यावर काकींनी वूफर बसवला. गाणं लावलं, डोळे मिटले, स्क्रू पुढं नेला, मागं घेतला. आपल्या बाटलीतला विटकरी ठिपका दिला. दिग्विजयनं लागेल ते सगळं त्यांच्या हातात दिलं.

चारच्या ठोक्याला शेठ आले. गाडीत बसून त्यांनी गाणं ऐकलं. बेस पोटात भरून येत होता आणि दिवे एकदाही मिचकले नाहीत. पयल्यापेक्षा जरा कमी वाटतंय, पण असू द्या, असं ते म्हणाले. मग काचेतून मान बाहेर काढून त्यांनी काकींची समजूत घातली.

“मनाला लावून घेऊ नका. वयाच्या मानानं व्हायचंच असं. आता तुमी दिग्विजयच्या हातात द्या सगळं. ठिपकाबी त्यालाच द्या. गुरुवारी नारळ फोडताना मी सांगतो सगळ्यास्नी.”

दिग्विजयला जे हवं होतं, ते सगळं एका दमात त्याच्यापुढं आलं होतं. त्याचा चेहरा पांढरा पडला.

काकींनी डब्यातून बाटली काढली आणि त्याच्यापुढं धरली.

“घे,” त्या म्हणाल्या.

मी त्यांना तीस वर्षं ओळखतो. त्यांच्या आवाजात राग असता तर मला कळला असता, थट्टा असती तरीही कळली असती. द्यायची म्हणून देत होत्या.

दिग्विजयचा हात वर आला… आणि मध्येच राहिला.

शेठांनी गाडी सुरू केली होती. तो वळला आणि काचेपाशी जाऊन वाकला. काहीतरी बोलला. शेठांनी ‘काय?’ म्हणून कान पुढं केला. तो पुन्हा बोलला. मग शेठांनी हात लांब करून गाणं बंद केलं.

माझ्या मशीनपर्यंत शब्द पोचत नव्हते. शेठांचा चेहरा तेवढा दिसत होता. त्यांनी दोनदा काकींकडे बघितलं. डिकीकडे हात करून काही विचारलं. दिग्विजयनं मान हलवली. आता हा माझ्याकडे बोट करणार, असं मला वाटलं. त्यानं केलं नाही. मी त्याच्या शेजारी बसून हसलो होतो, हे त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. मीही अजून काकींना सांगितलेलं नाही.

शेठ खाली उतरले. काकींसमोर येऊन त्यांनी हात जोडले आणि ते मागं फिरले. दिग्विजयला फक्त एवढंच म्हणाले, की गुरुवारचं त्यांना जमणार नाही. गाडी निघून गेली.

दिग्विजय शेडमध्ये आला. त्याचे कान लालबुंद झाले होते. मान काही वर होत नव्हती.

“सांगितलं,” तो म्हणाला.

काकी उरलेली तार रिळावर गुंडाळत होत्या…

“नीट न्हाई सांगता आलं, काकी. आवाजच फुटंना. लई हळू बोललो.”

“ऐकू गेलं न्हवं त्याला?”

“गेलं.”

“मग आणखी मोठ्यानं कशाला पायजे?”