फेट्याचा बोळा

एका बाजारगावच्या वेशीपाशी गेनबाची रसवंती होती. पेट्रोलच्या इंजिनावर चालायची, घुंगरं वाजवत. रस गोड, पण मालक भलताच कडू. एकदा मनात धरलं की धरलं. "मी सोडणार नाही!" हे त्याचं पालुपद.

लेकीच्या लग्नात व्याह्यांनी, म्हणजे रावजींनी, मानाचा फेटा आधी सरपंचांना बांधला आणि मग गेनबाला. झालं! गेनबाचं डोकं फिरलं. तो फेटा त्याने रसवंतीत खिळ्याला टांगला आणि येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवून आपल्या अपमानाची कथा ऐकवू लागला. लोक घटाघटा रस पिऊन काढता पाय घेत.

आज रावजींच्या घरी नातीचं बारसं होतं. बायको हौसाबाई कुंची पिशवीत घालून रसवंतीतच केव्हाची तयार बसली होती.

"अहो, चला ना. पोरगी वाट बघत असेल."

"आधी फेटा कुणाला बांधला? मी सोडणार नाही! कुणीच जायचं नाही."

हौसाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक कुरकुरलं, "रसाला धुराचा वास येतोय." गेनबा आधीच तापलेला. त्याने हाताला लागला तो फेटाच ओढला, त्याच्या टोकाचा बोळा केला आणि इंजिनाच्या धुराच्या नळीत घट्ट कोंबला. इंजिन ठसकलं, आचके दिले आणि बंद पडलं. घुंगरं गप्प झाली. गेनबाने इंजिन सुरू करायची दोरी ओढ ओढ ओढली, घामाने निथळला. पण इंजिन ढिम्म!

रस पीत बसलेला अकबर मिस्त्री हसू दाबत म्हणाला, "गेनबा, इंजिनाची कामं चार. दट्ट्या, म्हणजे पिस्टन, खाली जातो, हवा अन् पेट्रोल आत ओढतो. वर येतो, ते दाबतो. मग ठिणगी पडते, भडका उडतो, दट्ट्या खाली हाणला जातो. त्या दणक्यावर तुझा चरक फिरतो. शेवटी दट्ट्या पुन्हा वर येतो आणि जळका धूर बाहेर ढकलतो. तू ते चौथं कामच बंद पाडलंस. जुना धूर आत कोंडल्यावर नवी हवा शिरणार कुठं?"

"इंजिनाचं कळलं, मिस्त्री," हौसाबाई फणकारली. "यांच्या डोक्यात ह्याच फेट्याचा बोळा बसलाय, तो कधी निघायचा?"

गिऱ्हाइकं खो खो हसली. गेनबा ओशाळला. त्याने बोळा उपसला, दोरी ओढली. फटाक! तोंडावर काजळी उडाली आणि इंजिन सुरू झालं. घुंगरं वाजू लागली. हातातल्या काळ्या फेट्याकडे तो जरा वेळ बघत राहिला. मग इंजिन बंद करून त्याने तोच फेटा डोक्याला गुंडाळला. "ऊठ, चल," तो हौसाबाईला म्हणाला.

बारशाच्या घराच्या दारात रावजी बघतच राहिले. "पाव्हणं, फेटा एवढा काळा कशानं झाला?"

"आत लई दिवसांचा धूर साठला होता," गेनबा म्हणाला. "आत्ताच बाहेर काढला. आणा बघू माझी नात इकडं!"

तात्पर्य: जळून गेलेला राग मनात कोंडून ठेवणाऱ्याचा संसार जागच्या जागी अडतो; राग बाहेर सोडावा, म्हणजे नव्या आनंदाला आत यायला जागा होते.