दोघा जुळ्यांचं एक लग्न

एका गावात एक भोळा जुळा होता. दुसरा जुळा भोळा नव्हता. भोळ्याचं नाव कोंडिबा, शहाण्याचं धोंडिबा. दोघांच्या तोंडावळ्यात तिळाएवढाही फरक नव्हता. फरक होता तो डोक्याच्या आत, आणि तिथं डोकावण्याची तसदी गावात कोण घेणार?

धोंडिबाला लई दिवसांनी एक चांगलं स्थळ आलं. मुलगी सगुणा. तिच्या घरी नवरामुलगा दाखवायला न्यायचं ठरलं आणि नेमकं त्याच दिवशी धोंडिबाला गालगुंड झालं. गाल भोपळ्याएवढा. आईनं कोंडिबाला सदरा चढवला.

"आज तू धोंडिबा. कोंडिबाचं नावबी काढायचं न्हाई."

कोंडिबा आज्ञाधारक. सगुणाच्या वडिलांनी विचारलं, "तुमाला जुळा भाऊ हाय म्हणं?"

"त्याचं नाव काढायचं न्हाई."

"का वो?"

"आईनं सांगितलंय."

सगुणाच्या आईनं डोळ्यांना पदर लावला. भरल्या घरातला पोरगा गेला, बिचारे बोलतही नाहीत! इतकी सोशिक माणसं म्हणून स्थळ तिथंच पक्कं झालं.

ऐकून आईनं कपाळ बडवलं. "अरं, भावाचं नाव कुणी काढलं की हसून सांगावं, मजेत हाय, येईलच इतक्यात!"

कोंडिबानं ते पाठ केलं. आठवडाभरात गावातल्या लोहाराचा भाऊ वारला. कोंडिबा भेटायला गेला. लोहार ऊर बडवत होता, "माझा भाऊ गेला रं!"

कोंडिबा हसला. "मजेत हाय. येईलच इतक्यात."

त्याला घरी पोचवायला चार माणसं आली. पायी चालण्याच्या स्थितीत तो नव्हता.

आई हळद लावता लावता म्हणाली, "मुडद्या, माणूस गेला की मागं राहिलेल्यानं त्याची जागा घ्यायची असती. तो गेला, मी हाय ना, असं म्हणून पुढं व्हावं!"

कोंडिबानं तेही पाठ केलं.

लग्नाचा दिवस आला. धोंडिबा घोड्यावर बसून वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला गेला. आईही वरातीबरोबर गेली. वऱ्हाडी पोरांना नाचायचा इतका उत्साह, की घोडं जागचं हलेना. इकडं मांडवात मुहूर्त जवळ आला. भटजींना अजून दोन लग्नं उरकायची होती.

"नवरदेव कुठाय?" भटजी ओरडले.

कोंडिबा पुढं झाला. "तो गेला. मी हाय ना."

सगुणाच्या वडिलांनी निरखून पाहिलं. चेहरा तोच. चांगला पारखून घेतलेला. त्यांनीच मुंडावळ्या बांधल्या, अंतरपाट धरला. भटजींनी धोंडिबाचं नाव घेऊन मंत्र म्हटले. माळा पडल्या, अक्षता पडल्या.

तेवढ्यात घोडं मांडवात शिरलं. मेलेला भाऊ घोड्यावर बसून आलेला पाहून सगुणाकडची निम्मी माणसं जेवण सोडून पळाली. आईनं पुन्हा कपाळ बडवलं. धोंडिबाला तर रडूच फुटलं.

"कोंड्या, माझं लग्न हुतं रं! काय केलंस हे?"

"लावलं की!" कोंडिबा म्हणाला. "मंत्रात तुझंच नाव हुतं. तू नव्हतास, म्हणून मी नुसता उभा राहिलो."

मग त्यानं गळ्यातली माळ सावरली आणि वाकून सगुणाच्या पायाला हात लावला.

"वहिनी, आशीर्वाद द्या. आता माझंबी कुठंतरी जमू द्या."