झऱ्यावरचा तवंग

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात राहायचा एक लोहार. हातात कसब असं की त्याचा विळा वर्षानुवर्षं बोथट व्हायचा नाही. पण मन? मन म्हणजे नुसतं संशयाचं घर! कुणी हसून राम राम केला की याला वाटायचं, ह्याचं काहीतरी काम दिसतंय. कुणी न बोलता पुढे गेला की वाटायचं, ह्यानं नक्की काहीतरी लपवलंय. गिऱ्हाईक पाठमोरं झालं की हा आधी आपला हातोडा जागेवर आहे का ते बघायचा. बायको म्हणायची, "अहो, एक दिवस तुम्ही माझ्यावरही पहारा बसवाल." त्यावर हा मान खाली घालून भाता ओढायला लागायचा. म्हणजे विचार मनात येऊन गेलाच असणार!

या लोहारानं म्हातारपणाची सोय म्हणून चांगलं लोखंड साठवलं होतं. कोयत्यांची कोरी पाती, नांगराचे फाळ, पोलादाच्या पट्ट्या. घरात ठेवावं तर चोरांची भीती, भट्टीपाशी ठेवावं तर गिऱ्हाइकांची. शेवटी एका दुपारी, गाव जेवून लवंडलं असताना, त्यानं सगळं गोणपाटात गुंडाळलं आणि भट्टीमागच्या ओल्या बांधात खोल पुरून टाकलं. बांधाच्या खालीच गावाचा झरा. तिथं दिवसभर बायकांची वर्दळ, मग उकरायची कुणाची बिशाद आहे? बायकोलासुद्धा त्यानं पत्ता लागू दिला नाही.

बरीच वर्षं गेली. शेजारच्या रिकाम्या घरात परगावची एक तेलीण राहायला आली. बरोबर एक बैल आणि एक घाणा. एकटी बाई, कामाला वाघीण, बोलायला मोकळी. लोहाराच्या मनात लगेच पाल चुकचुकली. आपलं गाव सोडून ही इथं का आली? आणि सगळ्यांशी एवढं गोड का बोलते?

आणि एके दिवशी झरा नासला. पाणी पाझरायचं तिथं गेरूच्या रंगाचा बुळबुळीत गाळ साचला आणि कुंडातल्या संथ पाण्यावर निळा-जांभळा रंगीत तवंग दिसायला लागला. वासही चमत्कारिक. बायका रिकाम्या घागरी घेऊन परत फिरल्या.

"तेल आहे हे, दुसरं काय!" लोहार गरजला. "शेजारी घाणा आला आणि पाण्यावर तवंग आला. अजून काय सांगायला पाहिजे?"

त्या गावाची एक रीत होती. झरा नासवणाऱ्याच्या दारात पालथी घागर ठेवायची. घागर आली की त्या घराशी देणंघेणं बंद, चुलीला विस्तवही कुणी द्यायचा नाही. पुढच्या बाजारापर्यंत खरंखोटं झालं नाही, तर त्या माणसानं गाव सोडायचं. तेलिणीच्या दारात घागर पालथी घातली ती लोहारानंच.

"लोहारदादा, अहो थेंब न् थेंब पिळून काढते मी," तेलीण कळवळून म्हणाली. "ते तेल मी झऱ्यात कशाला ओतीन?"

"ते तुझं तुला माहीत, बाई."

तेलिणीनं घाणा बंद ठेवला. तवंग तसाच. लोक म्हणाले, "अरे, घाणा तर बंद आहे." लोहार म्हणाला, "म्हणजे लपून ओतते!" एकदा संशय धरला की माणसाला पुरावा कुठूनही सापडतो, आणि ह्याला तर रोजच सापडायचा.

बाजाराच्या आदल्या सकाळी तो झऱ्याकाठच्या उंबराच्या आडोशाला दबा धरून बसला. बघतो तर काय, तेलीण वाटी घेऊन आली, कुंडाशी वाकली आणि तिनं वाटीतलं तेल खुशाल पाण्यात ओतलं!

"सापडली! धावा, सापडली!" लोहारानं एवढी बोंब मारली की बघता बघता सारं गाव गोळा झालं.

तेलीण मात्र जागची हलली नाही. "ओतलंच मी. तुम्हा सगळ्यांना बोलावून दाखवणारच होते, दादांनी आधीच हाकारा घातला. आता नीट बघा." तिनं एक काडी घेतली आणि आपल्या तेलातून फिरवली. तेल दुभंगलं आणि लगेच पुन्हा एक झालं. मग तीच काडी तिनं पलीकडच्या जुन्या तवंगातून ओढली. तो सुकल्या सायीसारखा तडकला, त्याचे तुकडे झाले आणि ते वेगवेगळेच तरंगत राहिले.

"माझा जन्म तेलात गेला," ती म्हणाली. "हे तेल नव्हे."

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. तेवढ्यात गावचा म्हातारा कुंभार पुढे आला. त्यानं गाळ चिमटीत धरून चोळला. "असा गाळ आमच्या मातीच्या खाणीत तांबड्या दगडापाशी धरतो," तो म्हणाला. "माझा आजा सांगायचा, मातीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, त्यांतले काही लोखंडावर जगतात. लोखंड असं विरघळवतात आणि असा गेरू मागे ठेवतात. त्यांचीच ही साय. ह्या बांधात कुठंतरी लोखंड असलं पाहिजे."

लोखंडावर जगतात? लोहाराची नजर बांधाकडे वळली. कुणाच्या लोखंडावर?

गप्प बसावं, हे त्याला कळत होतं. पण इतकी वर्षं कुणी आपलं काही नेईल म्हणून धास्तावलेला तो जीव, त्याला कसला धीर धरवतोय! फावडं घेऊन तो बांधावर तुटून पडला आणि सगळ्यांदेखत उकरत सुटला. आत कुजकं गोणपाट निघालं. त्यात पाती नव्हती, फाळ नव्हते. काळपट, मऊ ढेकळं होती. दाबली की हातातच चुरा व्हायचा.

"कुणाचं रे हे?" कुंभारानं विचारलं.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "तेलिणीचंच असेल. घाण्याचं मोडकंतोडकं पुरलं असेल."

लोहाराला आयती वाट मिळाली. लोखंड तर गेलंच होतं, ते माझं म्हटलं तर मिळणार काय? गाव सोडणं! आणि गप्प राहिलं की उद्या ती गाव सोडणार, ह्याला कुणी बोटही लावणार नाही. त्यानं तेलिणीकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं, पण ती एक शब्द बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःची लाज वाटली, आणि फार वाटली.

"माझं आहे," तो म्हणाला. "चोरांच्या भीतीनं मीच पुरलं. झरा मी नासवला."

मग तो तेलिणीच्या दारात गेला, घागर उचलली आणि स्वतःच्या दारात पालथी घातली. बायको पदर तोंडाला लावून रडायला लागली. हा गाव सोडायचं म्हणून ऐरण दोरीनं बांधायला बसला.

उन्हं कलताना तेलीण आली. पालथी घागर सुलटी करायचा, म्हणजे माफी द्यायचा हक्क त्या गावात एकाच माणसाला असायचा, ज्याच्यावर खोटा आळ आला त्याला. तिनं घागर सुलटी केली.

"घाण्याची कडी तुटलीय, दादा. तुम्ही गेल्यावर ती कुणाकडून सांधून घेऊ?" ती म्हणाली. "आधी तो बांध साफ करा, कुंड धुऊन काढा. मग कडीचं बघा."

लोहारानं बांधातलं सगळं लोखंड काढलं, गाळ उपसला. हळूहळू झरा पुन्हा निवळला. त्या निवळलेल्या पाण्याची पहिली घागर तेलिणीनं भरली आणि तांब्याभर पाणी लोहारापुढे धरलं. एरवी हा आधी तांब्यात डोकावून बघायचा. त्या दिवशी त्यानं डोळे मिटले आणि घटाघटा पिऊन टाकलं.

तात्पर्य एवढंच, बाळांनो: शेजाऱ्याच्या दारात घागर पालथी घालण्याआधी आपल्या बांधात काय पुरलंय ते उकरून बघावं.