पंच्याची घडी

“पहिले पाऊल कोणते पडते, आबा? डावे की उजवे?”

रावजीआबा तिरडीच्या बांबूला सुतळीचा वेढा देत होते. त्यांनी वर पाहिले नाही.

“जे उचलेल ते.”

इंद्रजित सबनीसने वहीत तेही टिपून घेतले.

इंद्रजित हा शहरातील नावाजलेला नृत्यरचनाकार. त्याच्या रचनांत घुंगरू नसत, कथाही नसे. देह असत आणि त्यांचे वजन असे. ‘खांदा’ या त्याच्या नव्या रचनेचा प्रयोग दहा दिवसांवर आला होता. तीत चौघे जण पाचव्या देहाला खांद्यावर घेऊन रंगमंच ओलांडतात. ते चालणे काही केल्या साधत नव्हते. चौघे चालत, पण मिरवणुकीत चालल्यासारखे.

या गावातली प्रत्येक तिरडी पन्नास वर्षे रावजीआबाच बांधत आले आहेत, असे त्याला कोणी तरी सांगितले होते. तीन आठवड्यांपूर्वी तो येथे येऊन आपला फोन नंबर ठेवून गेला होता. कोणी गेले की कळवा, असे सांगून.

आज पहाटे कोंडाबाई गेली. गावातून फोन गेला. दहाच्या सुमारास त्याची गाडी कोंडाबाईच्या अंगणाबाहेर उभी राहिली.

उंबऱ्यावर कोंडाबाईचा पुतण्या हैबती बसला होता. तो म्हणाला, “तीन आठवडं ताटकळलात म्हणं, पाव्हणं. म्हातारीनं जरा उशीरच केला.”

इंद्रजितने वहीचे पान उलटले.

“हैबती, सुतळी दे,” आबा म्हणाले. मग इंद्रजितला म्हणाले, “तुम्ही विचारा. त्याचे मनावर घेऊ नका.”

“चौघांची पावले एकदम पडतात का?”

“एकदम पडली तर देह हिंदकळतो.”

इंद्रजितची लेखणी थांबली.

“मी सहा महिने त्यांना एकदमच पाडायला शिकवतो आहे.”

आबांनी आडव्या काठ्या मोजून पाहिल्या आणि एक काठी बदलली.

“आपण पाहता का? आमचे काम?”

इंद्रजितने फोन पुढे धरला. आबांनी धोतराला हात पुसले आणि फोन दूर धरून पाहिले. पडद्यावर चौघे तरुण चालत होते. त्यांच्या खांद्यांवर एक मुलगी आडवी, ताठ, डोळे मिटून पडली होती. ते एकदा पाहून झाल्यावर आबांनी पुन्हा लावायला सांगितले.

“हात कुठे आहेत?”

“कोणाचे?”

“खालच्यांचे.”

“ते बाजूंना पसरलेले. मोकळे… पंखांसारखे.”

“तिला धरलेले का नाहीत?”

“हातांमुळे रेषा बिघडते, आबा. पाहणाऱ्याची नजर हातांवर अडकते.”

आबांनी फोन परत दिला.

“मुलगी कोण?”

“शाल्मली. माझ्याकडे नऊ वर्षे होती.” तो थांबला. “मार्चमध्ये गेली. तालमीत पडली. तोल गेला.”

“कोणाचा?”

“तिचा.”

आबांनी गाठ आवळली. हिरव्या बांबूतून बारीक कर्र असा आवाज आला.

“आधी हात होते?”

अंगणात बायकांचे रडणे चालू होते. इंद्रजितने वही मिटली, पुन्हा उघडली.

हा प्रश्न त्याला कोणीही विचारला नव्हता. पोलिसांनी नाही, वर्तमानपत्रांनी नाही. चौघांपैकी कोणी त्यावर बोलले नव्हते.

“होते…” तो म्हणाला. “मीच काढायला सांगितले. त्याच दिवशी. हे चित्रण ती पडण्याआधीचे.”

आबांनी पुढची सुतळी ओढून घेतली.

“‘खांदा’ मी तिला वाहिली आहे,” इंद्रजित घाईने म्हणाला. “म्हणून तर ती अचूक व्हायला हवी. एक पाऊलही खोटे पडता कामा नये.”

“तिला नेले तेव्हा कशी पडली पावले?”

“मी नव्हतो. दिल्लीला होतो. महोत्सव होता… आधीच ठरलेला.”

“बरं,” आबा म्हणाले.

कोंडाबाईला बाहेर आणले, तिरडीवर निजवले, बांधले. तिचे दोन्ही अंगठे आबांनी स्वतः एकत्र बांधले. गल्लीतले पुरुष उसाच्या तोडीवर होते. ते फडातून परस्पर वाटेतल्या विसाव्याशी येणार होते. घरी हैबती होता, त्याचे दोन शेजारी होते. आबांचा खांदा कधीच निकामी झाला होता.

“वही ठेवा,” आबा इंद्रजितला म्हणाले. “चौथे तुम्ही.”

“मी? मी पाहायला आलो आहे, आबा. रचना बाहेरूनच दिसते. आत शिरलो तर मला काहीच—”

“बाहेरून तीनच दिसतील.”

इंद्रजितने वही तुळशीच्या कट्ट्यावर ठेवली.

हैबती बुटका होता. आबांनी आपल्या खांद्यावरचा पंचा काढला, त्याची चौपदरी घडी केली आणि हैबतीच्या खांद्यावर ठेवली.

“ही कशाला?” इंद्रजितने विचारले.

“खांदे सारखे नसतात. घडी नसली तर म्हातारी याच्या अंगावर घरंगळेल.”

“जित्तेपणी बी माझ्याच अंगावर होती,” हैबती म्हणाला. आणि एकाएकी त्याचे तोंड वाकडे झाले. त्याने बाहीला डोळे पुसले.

तिरडी उचलली गेली.

इंद्रजित पुढे, उजव्या बाजूला होता. त्याच्यामागे हैबती. कोंडाबाई म्हणजे नुसती हाडे, असे त्याला वाटले होते. पहिली चाळीस पावले त्याने मोजली. मग ओढ्याकडचा उतार लागला. मागचा भार पुढे आला आणि मोजणी हरवली. बांबू मानेशी रुतू लागला. बाकीचे तिघे आपापल्या पावलांनी चालत होते, कोणाचा कोणाशी मेळ नव्हता. आणि देह मात्र पाण्यावर असावा तसा स्थिर होता.

मेळ साधण्यासाठी इंद्रजितने सवयीने एक पाऊल मागे ओढले. तिरडी डचमळली.

“पाव्हणं,” मागून हैबती दबक्या आवाजात म्हणाला, “नाचू नका.”

त्यानंतर इंद्रजितने काहीही साधण्याचा प्रयत्न केला नाही. त्याचा हात केव्हा वर गेला, त्याने बांबू केव्हा धरला, हे त्याला कळले नाही.

ओढ्याच्या अलीकडे विसाव्याचा सपाट दगड आहे. गावातला प्रत्येक देह तेथे क्षणभर खाली ठेवतात आणि खांदे पालटतात. थकलेल्याने मागायचे नसते. दुसरा आपण होऊन येतो आणि त्याची जागा घेतो.

तिरडी दगडावर टेकली. उसाच्या फडातून आलेली माणसे पुढे झाली. एका उंच माणसाने हैबतीची जागा घेतली. दुसऱ्याने इंद्रजितच्या कोपराला स्पर्श केला.

“सोडा आता.”

इंद्रजितने सोडले नाही.

“पाव्हणं, सोडा.”

त्याची मूठ उघडत नव्हती. तो स्वतःच्या हाताकडे परक्या वस्तूकडे पाहावे तसा पाहत होता. आबा जवळ आले. त्यांनी त्याची बोटे एकेक करून बांबूवरून सोडवली.

तिरडी पुढे गेली. हैबती मडके घेऊन पुढे गेला. जाताना त्याने पंचा आबांच्या हातात दिला. दगडापाशी आबा आणि इंद्रजित दोघेच मागे उरले.

इंद्रजितच्या खांद्यावर सदऱ्याचे कापड विरले होते. त्याखाली लाल वळ होता.

“मला कळले, आबा,” तो म्हणाला. त्याला अजून धाप लागत होती. “पावले मोडून टाकतो. हात परत आणतो. दहा दिवस पुष्कळ झाले. आता ‘खांदा’ खरी होईल.”

आबा ओढ्याच्या दिशेने पाहत होते.

“शाल्मलीला कोणी खांदा दिला?”

“तिचे दोन भाऊ होते. आमच्यातला एक जण… आणि वडील.”

“वय काय त्यांचे?”

“सत्तरीच्या पुढे. मिरजेला औषधांच्या दुकानात होते. बुटके आहेत.” इंद्रजितने आबांच्या हातातल्या पंच्याकडे पाहिले. “त्यांच्या खांद्यावर टॉवेलची घडी ठेवली होती, असे आमच्यातला तो मुलगा सांगत होता. तेव्हा मला ते… कशासाठी, ते कळले नव्हते.”

“विसाव्याला त्यांना कोणी पालटले?”

इंद्रजितने खांद्यावरचे विरलेले कापड चाचपले.

“नाही.”

“माणसे नव्हती?”

“होती. पुष्कळ होती.” त्याने तोंडावरून हात फिरवला. “मी दिल्लीहून निघालो आहे, असा निरोप पाठवला होता. ती जागा सरांची, असे वडील म्हणाले म्हणे. कोणालाही घेऊ दिली नाही त्यांनी. माझी वाट पाहिली… आणि मग तसेच उचलून…”

“तुम्ही निघाला होता?”

“नाही.”

ओढ्याकडून लाकडे रचल्याचा आवाज येऊ लागला. एकावर एक, सावकाश.

“नंतर भेटलात त्यांना?”

इंद्रजितने नकारार्थी मान हलवली. “पहिल्या प्रयोगाचे निमंत्रण पाठवले आहे. पहिल्या रांगेचे.”

आबांनी हातातला पंचा झटकला. त्याची घडी पूर्ण मोडली. मोकळा पंचा त्यांनी इंद्रजितच्या सुजलेल्या खांद्यावर टाकला.

मग ते ओढ्याच्या वाटेला लागले. चार पावलांवर थांबले. पण वळले नाहीत.

“तिचे वडील अजून चालतच असतील.”