बिळांच्या तोंडचे दगड

उंदरांच्या वस्तीतही जेव्हा शेजारधर्म पाळला जाई, तेव्हाची ही गोष्ट. ज्वारीच्या शेताच्या बांधावर त्यांची बिळं होती. दिवस कलला की सगळे आपापल्या दारात बसून गप्पा मारत.

एकदा झिपरीच्या बिळातून कुणीतरी कणसं पळवली. झिपरीने दाराला दगड लावला. तो पाहून शेजारच्या ठकूने दोन लावले. "ठकू शहाणी आहे, तिला काहीतरी कळलं असणार," म्हणत पलीकडच्यांनी तीन लावले. चोरी एकच झाली, दगड मात्र वाढत गेले. बाजारातही असंच असतं बघा. एका दुकानाला दुसरं कुलूप लागलं, की सगळ्या आळीची झोप उडते.

इकडे ठकूची पिल्लं बंद बिळात गुदमरू लागली. धाकट्याने तर मानच टाकली. तशी ठकूने दगड ढकलले आणि पिल्लांना घेऊन ती दारात येऊन बसली. वारा लागताच धाकट्याने डोळे उघडले.

झिपरीने फटीतून विचारलं, "अगं, चोर सापडला का?"

"नाही गं. पोरांना वारा हवा होता."

"आणि भीती नाही वाटत?"

"एकटीला वाटते. तू ये की बाहेर."

झिपरी आली. तिला पाहून पलीकडचेही आले आणि गप्पा रंगल्या.

तेवढ्यात एक परकी घूस दबकत बांधावर आली. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. ठकूने अगत्याने विचारलं, "काय पाहुणीबाई, कुणाकडे निघालात?"

"कुणाकडे नाही, वाट चुकले," असं म्हणून घूस आल्या पावली परत गेली.