भट्टीची चावी

"तुम्हीच सांगा अण्णा, पाणी गाळायच्या भांड्यांसाठी बांधलेल्या भट्टीत कुणी दारूची मडकी भाजतं का?"

भिवाअण्णांनी तिनं आणलेल्या पिशवीतली भुईमुगाची शेंग फोडली. दाणे तोंडात टाकले.

"शेंगा झकास आहेत," ते म्हणाले.

वैजयंतीच्या अंगाचा तिळपापड झाला. इतक्या लांबून, परक्या देशातून, विमानं बदलत, विमानतळांच्या बाकड्यांवर पाठ टेकत ती आली होती. पुण्याच्या घरी सामान नुसतं टाकलं आणि तडक या अंगणात येऊन बसली. आणि म्हातारा शेंगांचं कौतुक करतोय!

रेवदंड्याच्या अलीकडे, खाडीकाठी, भिवाअण्णा कुंभारांचं हे अंगण. वैजयंती पेणच्या मूर्तिकाराची लेक. बापाच्या कारखान्यात देव घडताना बघत वाढली, पण चाक शिकायला आली ती इथंच. अण्णांच्या शिव्या खाल्ल्या, माती तुडवली, हात बसला. पुढं पुण्यात तिचे वर्ग चालले, नाव झालं, लोक मॅडम म्हणू लागले. मग एका संस्थेनं विचारलं, घानाला याल का, स्वयंसेवक म्हणून? तिथल्या उत्तरेकडच्या एका गावातल्या बायकांना पाणी गाळायची भांडी करायला शिकवायचं होतं.

ती एका पायावर तयार झाली. तिथं दोन वर्षं राहिली.

"कसलं भांडं म्हणालीस ते?" अण्णांनी विचारलं.

"मातीत भाताचा कोंडा मिसळायचा. भट्टीत कोंडा जळून जातो, त्याच्या जागी बारीक बारीक भोकं राहतात. वर गढूळ पाणी ओतलं की खाली थेंब थेंब स्वच्छ पाणी पडतं."

"म्हणजे गळकं मडकं."

"अण्णा!"

"नाही, म्हटलं जन्मभर मी गळू नये म्हणून ठोकत बसलो. तू गळायचं शिकवायला परदेशी गेलीस."

एरवी ती हसली असती. आज हसू कुठून येणार?

"चेष्टा करू नका. पावसाळ्यात पोरं जातात तिथं. जुलाब लागतात आणि जातात. माझ्या खोलीसमोरच्या घरातलं एक गेलं. काल माझ्या मांडीवर खेळलेलं... त्याच्या आईला मी मूठभर मीठसाखर देण्यापलीकडे काही करू शकले नाही."

अण्णांचा हात शेंगांच्या पिशवीत थांबला.

"म्हणून मी रक्ताचं पाणी केलं. विटा पाडल्या, पक्की भट्टी उभी केली, वर पत्र्याची शेड, दार. बायकांना शिकवलं. सुरेख करायला लागल्या हो! आणि एक दिवस भट्टी उघडते तर काय? आत ही एवढाली काळी मडकी! पितोची!"

"पितो म्हणजे?"

"ज्वारीची दारू. आंबवतात आणि पितात. लग्नाला पितात, मयताला पितात, बाजारच्या दिवशी तर झाडाखाली बसून सकाळपासून पितात. मी समजावलं. एकदा नाही, हजारदा समजावलं. हो हो म्हणाल्या. पुढच्या खेपेला परत तेच! पाण्याची भांडी एका कोपऱ्यात कोंबलेली आणि बाकी सगळी भट्टी दारूच्या मडक्यांनी भरलेली. माझं डोकं असं फिरलं ना अण्णा..."

"मग?"

"मग मी कुलूप लावलं."

"भट्टीला?"

"शेडला. ठणकावून सांगितलं, पाण्याची भांडी करायची असतील तरच उघडेन. एकही बाई आली नाही. एकही नाही! बसल्या सगळ्या घरात. ठीक आहे म्हटलं. माझी मुदत संपत आलीच होती. चावी घेतली आणि आले."

तिनं पर्स मांडीवर ओढून घेतली. 

"संस्थेचे लोक आता म्हणतात, चावी पाठवा. मी म्हटलं, आधी माझ्या गुरूंना विचारते. तुम्ही एकदा म्हणा अण्णा, वैजू, तू केलंस ते बरोबर केलंस. बास. मला दुसरं काही नको."

अण्णांनी आणखी एक शेंग फोडली.

तेवढ्यात दाजिबा आला. दाजिबा गावातला माडी, म्हणजे माडाची दारू, काढणारा. माडावर चढून मडकी बांधतो आणि पहाटे उतरवतो. आपली मडकी न्यायला आला होता.

"ताई! कधी आलात? तिकडं उन्हाळा आपल्यासारखाच का हो?"

"हं," वैजयंती म्हणाली.

अण्णा उठले. भिंतीकडची मडकी एकेक उचलून बोटाच्या पेरानं वाजवून बघू लागले. एकाचा आवाज पसंत पडला नाही, ते बाजूला ठेवलं. दुसरं दिलं. गळ्याशी दोरी नीट बसते का तेही बघितलं. दाजिबानं मडकी जाळीत भरली, खांद्यावर घेतली, ताईंना रामराम केला आणि गेला.

वैजयंती बघत होती. या माणसाला मी काय सांगतेय आणि हा काय करतोय?

"बघा!" ती म्हणाली. "तुम्हीसुद्धा!"

"तुझा हात कशावर बसला गं बाय?"

तिनं मान फिरवली.

"विचारतोय."

"... माडीच्या मडक्यांवर."

"पहिलं नीट मडकं झालं तेव्हा नाचली होतीस इथं. दाजिबाच्या बापानं नेलं ते."

"तेव्हा मला काय कळत होतं!"

"आता कळतं?"

"हो, कळतं! तुमचं वेगळं आहे अण्णा. इथं कुणाचं पोर गढूळ पाण्यानं मरत नाही. तिथं मरतं. मी ते डोळ्यांनी बघितलंय. मी काय हट्टासाठी हट्ट केला का? मी त्यांच्याच पोरांसाठी भांडत होते आणि त्याच माझ्यावर रुसून बसल्या! कुणासाठी करायचं मग? का करायचं?"

खाडीवरून वारा आला. पिशवीजवळची टरफलं अंगणभर झाली. अण्णा ती पायानं गोळा करत राहिले.

"या शेंगा कुणी दिल्या?" त्यांनी विचारलं.

"अपोकानं."

"अपोका कोण?"

"तिथली सगळ्यात जाणती कुंभारीण. तिच्याच अंगणात सगळ्या शिकल्या." वैजयंती जरा अडखळली. "निघताना गाडीपाशी आली होती. शेतातल्या शेंगा, स्वतः भाजून आणल्या होत्या."

"रुसली होती म्हणालीस."

"हो... म्हणजे बोलली नाही काही. पिशवी हातात दिली."

"त्याआधी बोलली होती?"

वैजयंतीनं पदर नसताना पदर सावरल्यासारखी ओढणी सावरली.

"चावी मागायला आली होती. तिची सासू वारली होती. तिथं मयताचे विधी मागाहून करतात, सुगी झाल्यावर. मोठा कार्यक्रम असतो. गावोगावचे लोक येतात. त्यांच्यासाठी पितो लागते, आणि ती आंबवायला मडकी. मी नाही म्हटलं."

"सासूच्या मयताला नाही म्हटलीस."

"दारूला नाही म्हटलं!" ती ओरडली. शेजारच्या घरातून कुणीतरी डोकावलं. "एकीला हो म्हटलं असतं तर सगळ्याच आल्या असत्या. नियम म्हणजे नियम. आणि मी त्यांचं काही अडवलं नव्हतं. मी यायच्या आधी त्या उघड्यावर भाजत होत्याच की! गवत रचायचं, शेणी रचायच्या, पेटवायचं. भाजावं तसं. मी कुठं हात धरलाय?"

"कुठं भाजायच्या त्या आधी?"

"गावाबाहेर. एक जागा होती. एका बाजूला खडक, त्यामुळं वारा लागायचा नाही. पिढ्यान्‌पिढ्या तिथंच भाजत आलेल्या. जमीनसुद्धा भाजून भाजून विटेसारखी..."



"मग आता तिथंच भाजतील," अण्णा म्हणाले.

वैजयंती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

"का गं?"

"तिथं शेड आहे," ती हळूच म्हणाली. "भट्टीला जागा तीच चांगली होती. अपोकानंच दाखवली."

अण्णांनी पिशवीचं तोंड बांधलं. उरलेल्या शेंगा आत नेऊन ठेवल्या आणि बाहेर आले. खाडीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांच्या कपाळाची शीर उडत होती. वैजयंतीनं ती ओळखली. शिकायला असताना ती शीर उडाली की पोरं अंगण सोडून पळायची.

पण त्यांनी आवाज चढवला नाही.

"कुठंय ती चावी?"

तिनं पर्सच्या आतल्या कप्प्यातून काढली. चांगली बोटभर लांब, लोखंडी. तिनं ती चाकाशेजारच्या फळीवर ठेवली.

"म्हणजे तुम्हीही त्यांच्याच बाजूनं," ती म्हणाली. "वाटलंच होतं मला. म्हणा ना सरळ, वैजू, चुकलीस. गुरू आहात, सांगा तोंडावर!"

 अण्णांनी ओल्या फडक्याखालचा मातीचा गोळा काढला, त्यात चावी खुपसली, वरून माती दाबली आणि गोळा फळीवर आपटला. परत उचलला, परत आपटला. मळून मळून गुळगुळीत केला. मग चाकाच्या मधोमध बसवला.

"बस."

"कशाला?"

"मडकं कर."

"याचं? अहो, याच्यात..."

"तुला येतं ना? पुण्याला शिकवतेस, परदेशात शिकवतेस. कर."

हे मात्र तिच्या वर्मी लागलं. तिनं ओढणी कमरेला खोचली, बाह्या सारल्या आणि बसली. करूनच दाखवते म्हणावं! काठी घालून चाक फिरवलं, हात भिजवले, गोळा धरला.

गोळा मधोमध यायला बघत होता आणि येत नव्हता. आतून काहीतरी सारखं ढकलत होतं. तिनं कोपर मांडीला टेकवून जोर लावला. आला. अंगठे आत घातले, तोंड उघडलं, भिंत वर ओढली. चार बोटं वर आली... आणि चावी आडवी फिरली. भिंत टरकन फाटली. तिच्या तळव्यावर लाल रेघ उमटली.

अण्णा बघत उभे होते.

तिनं दात ओठ खात माती गोळा केली, परत बसवली, परत चाक फिरवलं. या खेपेला सांभाळून, हलक्या हातानं. चावी कुठं आहे ते बोटांना कळत होतं. तिला चुकवून भिंत घेतली. चुकवून चुकवून जरा वर नेली. एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ, असलं बेढब काहीतरी उभं राहिलं. तिनं आपल्या वर्गातल्या नवशिक्याला असलं कधी चालवून घेतलं नसतं. मग तेही बसकलं.

"होत नाही!" ती किंचाळली. "अण्णा, हे कुणाच्यानं होणार नाही. आणि झालं तरी भट्टीत तडकेल. माती आकसते, लोखंड आकसत नाही. तुम्हीच शिकवलंय मला हे! मातीत खिळा राहिला म्हणून माझ्या पाठीत धपाटा घातला होतात!"

"घातला होता," अण्णा म्हणाले.

"मग?"

चाक अजून हळूहळू फिरत होतं. त्यावरचा चिखल फिरत होता, आणि चिखलातून चावीचं एक टोक दर फेऱ्याला तिच्यासमोर यायचं आणि जायचं. ती त्याच्याकडे बघत राहिली. तळवा चुरचुरत होता. ती कुणावर रागावली होती ते तिला आता नीट आठवेना. गाडीपाशी उभी असलेली अपोका मात्र आठवली. पिशवी दोन्ही हातांनी धरून दिली होती तिनं.

चाक थांबलं.

"अण्णा..." ती म्हणाली. "हे लोखंड... काढू का मी?"

अण्णांनी कोपऱ्यातलं पाण्याचं भांडं उचलून तिच्यापुढे ठेवलं.

"काढ की," ते म्हणाले. "मी काय कुलूप लावलंय?"