कुमुदबाईंची साक्ष

"म्हणजे तिचा विश्वास कमी पडला, असंच म्हणावं लागेल ना, पाळकसाहेब?"

दुपारचे दोन वाजले होते. चार वाजता कुमुदबाई पारखेंचं दफन होतं. पास्टर नाथान अमोलिकनं सलामही केला नव्हता; उंबऱ्यात उभं राहूनच त्यानं प्रश्न टाकला.

शांतवन उजागरे बाजेवर बसले होते. छत्तीस वर्षं खेडोपाडीच्या मंडळ्या सांभाळून निवृत्त झालेला हा म्हातारा. नाथानला पवित्र शास्त्र उघडायला त्यांनीच शिकवलं. पुढे नाथाननं स्वतःची मंडळी उभी केली, पत्र्याच्या शेडखाली चारशे माणसं जमवली आणि गुरूच्या घराची वाट विसरला. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण पाळकांनाही लागू पडते. आज गरज होती, म्हणून वाट आठवली.

म्हाताऱ्यानं बाजेवर सरकून त्याला जागा केली.

"जयवंतभाऊ परवापासून एकच विचारतायत. कबरीवर मी काय बोलतो, याकडे सगळ्या मंडळीचे कान आहेत. एखादं वचन सुचवा."

"काय विचारतोय जयवंत?"



"म्हणतात, माझ्या मनात शंका आली, म्हणून ती गेली का?"

गेल्या ईस्टरला नाथाननं कुमुदबाईंच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली होती. वीस वर्षांची शुगर. पुढच्याच रविवारी त्या मंडळीपुढे उभ्या राहिल्या आणि साक्ष दिली, की प्रभूनं मला बरं केलं, इंजेक्शनं मी उकिरड्यावर टाकली. टाळ्यांनी पत्रे हादरले. डिसेंबरात जागृती सभा भरली, तेव्हा चौकातल्या भिंतीवर मोठा फलक लागला. वर नाथानचा फोटो, खाली कुमुदबाईंचा.

फेब्रुवारीत त्यांचा पाय काळा पडला. गुरुवारी त्या गेल्या. लेक सुरतेहून यायची होती, म्हणून दफन आज, शनिवारी.

जयवंत पारखे शाळेत शिपाई. साधा, खालमानेचा माणूस. जानेवारीत तो बायकोला एकदाच म्हणाला होता, "चल, डॉक्टरला दाखवून येऊ." आणि नाथान तर दर महिन्याला व्यासपीठावरून सांगायचा, की घरात एक जण जरी डळमळला, तरी आशीर्वाद दाराशी अडतो. जयवंतनं ते अगदी मनावर घेतलं होतं. गुरुवारपासून त्यानं पाण्याचा घोट घेतला नव्हता. लेकीला म्हणाला, "मी मारली तिला. आता मी तरी कशाला राहू?"

"तू त्याला काय म्हणालास?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"अजून काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे हो."

नाथान चिडला. "मग काय सांगू? प्रभूची इच्छा म्हणू? लोक विचारतील, मग ईस्टरला बरं केलं ते कोणी? इकडे आड, तिकडे विहीर झालंय माझं. तुम्हाला इथं बाजेवर बसून..."

"वचन नंतर बघू. फ्रिजमधून माझी इन्शुलिनची बाटली आण. मंगळवारपासून टोचलेलं नाही."

"तुम्ही इन्शुलिन घेता?"

"अकरा वर्षं झाली."

नाथान खजील झाला. ही गोष्ट त्याच्या गावीही नव्हती. त्यानं कोपऱ्यातला छोटा फ्रिज उघडला. दाराच्या कप्प्यात दोन खोकी होती, दोन्हींवर म्हाताऱ्याचं थरथरतं अक्षर. एकावर 'शांतवन'. दुसऱ्यावर...

तो तसाच उभा राहिला. फ्रिजची थंड हवा पायांवर येत होती.

"हे कुणाचं?"

"वाचता येतं तुला."

"कुमुदबाईंचं? पण त्यांनी तर सगळ्यांसमोर..."

"साक्ष दिली. पंधरा दिवस ओढले, मग इथंच स्वयंपाक करताना चक्कर येऊन पडली. रोज सकाळी मला भाकरी करून द्यायला यायची ना. तेव्हापासून आधी मला टोचायची, मग स्वतःला. घरी नको म्हणायची, शेजारणी बघतील. जयवंतलाही ठाऊक नव्हतं."

"म्हणजे त्या मंडळीशी खोटं..."

नाथाननं उरलेलं वाक्य गिळलं.

कुमुदबाईंच्या खोक्यातली बाटली त्यानं उजेडात धरली. "अर्धी आहे," तो उगाच म्हणाला.

"डिसेंबरपासून अर्धीच आहे."

"डिसेंबर..."

"फलक लागला, त्या दिवशी मला टोचलं आणि स्वतःची बाटली तशीच परत ठेवली. मी म्हणालो, कुमुद, घे. तर म्हणाली, 'तुमचं बरंय पाळकसाहेब, तुमचा फोटो न्हाई भिंतीवर. मी घेतलं आन् कुणाला कळलं, तर आमच्या पास्टरला तोंड दाखवायला जागा राहायची न्हाई.'"

नाथान मटकन खाली बसला. त्या फलकासाठी फोटो द्यायला कुमुदबाई तयार नव्हत्या. त्यानंच गळ घातली होती. "तुमच्याकडं बघून किती जणांचा विश्वास वाढेल, मावशी," असं तो हसून म्हणाला होता, आणि त्याही हसल्या होत्या. ते हसू त्याला आता आठवलं.



मग माणूस कोपऱ्यात सापडला की करतो, तेच त्यानं केलं. त्यानं बोट दुसऱ्याकडं वळवलं.

"तुम्हाला माहीत होतं! मला का नाही सांगितलंत?"

"कुणाला सांगणार नाही, असं तिनं माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं."

"म्हणून गप्प बसलात?"

"हो."

म्हातारा सबब सांगेल, अशी नाथानची अपेक्षा होती. ती आली नाही.

"दोन महिने तिच्या हातून टोचून घेतलं. तिच्या हातची भाकरी खाल्ली. पायाला फडकं बांधून लंगडत यायची. वास यायचा, नाथान. मी रोज म्हणायचो, घे. ती नको म्हणायची. मी जेवायला बसायचो."

हे सांगताना त्यांचा आवाज हलला नाही. नाथानला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

म्हाताऱ्यानं सदरा वर केला. "माझ्या बाटलीतून दहा आकडे भर. टोच."

"मला जमत नाही."

"दुसऱ्याला टोचणं तिलाही जमत नव्हतं."

चारशे जणांच्या डोक्यावर ठेवून झालेल्या त्या हातानं सुई धरली. पहिल्यांदा तिरपी गेली. सुई काढली, तेव्हा रक्ताचा बारीक थेंब आला. नाथाननं तो आपल्या पांढऱ्या बाहीनं पुसला.

म्हातारा ताटलीतला शिळा तुकडा पाण्याबरोबर खाऊन उठला. कुमुदबाईंचं खोकं त्यानं कोटाच्या खिशात घातलं.

"काठी दे."

"कुठं निघालात?" दोन वर्षांत म्हातारा गल्लीबाहेर पडला नव्हता. गुडघे पार गेले होते.

"कबरस्तानात."

"तिथं काय बोलणार?"

"साक्ष देणार. काय पाहिलं आणि काय केलं नाही, तेवढंच. जयवंतला ऐकू जाईल असं पुढं उभं कर मला."

"आणि मी?"

"माझी झाली की मी खाली बसेन. पुढचं तुझं तू बघ."

नाथान काठी देऊन दारात आला होता. तो बाजूला झाला नाही. डोळ्यांपुढे पत्र्याची शेड आली, भरलेल्या सतरंज्या आल्या, चौकातला फलक आला. त्यावरची कुमुदबाई अजून हसत होती.

"पाळकसाहेब," त्याचा आवाज अगदी लहान झाला होता, "मी हे कबरीवर बोललो... तर उद्या माझ्या मंडळीत कोण उरेल?"

म्हाताऱ्यानं एक पाय चपलेत घातला. दुसऱ्या पायाला वेळ लागला.

"जयवंत उरेल."